उपराष्ट्रपतींची खुर्ची किती दिवस रिकामी ठेवायची?

मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री महोदय यांस,

सविनय नमस्कार.

मी सोलापुरात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यघटना शिकवतो. 2025च्या ऑगस्टमध्ये कलम 65 शिकवत होतो. राष्ट्रपतींचं निधन झालं किंवा त्यांनी राजीनामा दिला, तर नवे राष्ट्रपती येईपर्यंत उपराष्ट्रपती त्यांचं काम पाहतात, असं फळ्यावर लिहिलं आणि मागून प्रश्न आला, "सर, पण आत्ता उपराष्ट्रपतीच नाहीयेत ना? मग?" विचारणारी मुलगी पूर्व भागातली, घरी यंत्रमाग. जगदीप धनखड यांनी 21 जुलैला राजीनामा दिला होता आणि निवडणूक व्हायची होती. उत्तर मला पाठ होतं, भारताचे सरन्यायाधीश. ते लिहिलंही. पण त्या दिवसापासून ते उत्तर मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

हे उत्तर आलं 1969च्या कायद्यातून. त्या वर्षी 3 मे रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचं पदावर असताना निधन झालं आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी कारभार पाहू लागले. त्यांच्यामागे कोण, हे घटनेत लिहिलेलं नव्हतं, ते संसदेवर सोपवलेलं होतं. संसदेने ते काम लगेच केलं. 28 मेपर्यंत कायदा झालासुद्धा. दोन महिन्यांत त्याची गरज पडली. राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी गिरींनी 20 जुलैला राजीनामा दिला आणि सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला राष्ट्रपती भवनात आले.

9 ऑगस्टला त्यांनी ज्या विधेयकावर सही केली, ते 14 बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचं होतं. त्या कायद्याला आव्हान मिळालं ते त्यांच्याच न्यायालयात. 24 ऑगस्टला गिरी राष्ट्रपती झाले आणि हिदायतुल्ला न्यायालयात परतले, पण या खटल्याच्या 11 न्यायमूर्तींच्या पीठावर ते नव्हते. न्या. जे. सी. शाह यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या पीठाने फेब्रुवारी 1970 मध्ये कायदा रद्दबातल ठरवला. हिदायतुल्लांच्या सचोटीबद्दल कुणालाच शंका नाही, मलाही नाही. पण ज्या हाताने सही करायची त्याच हाताने पुढे त्या सहीचा निवाडा करायची वेळ आणणारी व्यवस्था मोडकीच म्हणायची. कलम 143 प्रमाणे राष्ट्रपती सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागतात. राष्ट्रपतींच्या जागी सरन्यायाधीशच बसलेले असतील तर ते कुणाला विचारणार?

आणि काळजीवाहू म्हणजे नुसत्या सह्या करणारा, असंही नसतं. 1977 मध्ये राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद गेले, तेव्हा आमच्या शेजारच्या जमखंडी भागातले उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती साडेपाच महिने राष्ट्रपतींच्या जागी होते. नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याच्या केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावर सही करायला ते आधी कचरले होते. अशा माणसावर केवढं ओझं असतं ते यातून दिसतं.

म्हणून सरन्यायाधीशांवर पाळी येऊ नये यासाठी उपराष्ट्रपतींची जागा भरलेली हवी. राष्ट्रपतिपद रिकामं झालं तर निवडणूक सहा महिन्यांच्या आत घ्यावीच लागते, कलम 62 तसं बजावतं. उपराष्ट्रपतींसाठी कलम 68 मध्ये नुसतं "शक्य तितक्या लवकर". मुदत नाही. 2025 मध्ये आमच्या राज्याचे तेव्हाचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांनी 12 सप्टेंबरला शपथ घेतली, म्हणजे 53 दिवसांत काम झालं. त्याबद्दल तक्रार नाहीच. पण हे सरकारच्या आणि निवडणूक आयोगाच्या तत्परतेने झालं, घटनेच्या बंधनामुळे नव्हे.

माझे वडील इथल्या गिरणीत होते. ते सांगायचे, भोंगा झाला की दारात बदलीवाले उभेच असत. कुणाचा खाडा पडला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, त्यांतल्या एकाला आत घ्यायचा, साचा थांबवायचा नाही. बदलीवाल्यांची यादी मात्र आधीपासून तयार ठेवलेली असे, आणि ती रिकामी पडली तर जॉबरलाच जाब विचारला जाई.

माझी मागणी एकच आहे. कलम 68(2) मध्ये "आणि कोणत्याही परिस्थितीत 60 दिवसांच्या आत" एवढे शब्द घाला. 2025 चा अनुभव सांगतो की तेवढे दिवस पुरतात. यासाठी राज्यांच्या विधानसभांकडे जावं लागत नाही. दोन्ही सभागृहांचं विशेष बहुमत पुरतं, आणि या दुरुस्तीला कोणता पक्ष विरोध करील असं मला वाटत नाही.

आमच्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे 2002 मध्ये उपराष्ट्रपतिपदासाठी उभे होते. भैरोंसिंह शेखावत यांच्याकडून 454 विरुद्ध 305 असे हरले. त्या निवडणुकीला दोन आठवडे उरले असताना, 27 जुलैला उपराष्ट्रपती कृष्णकांत यांचं निधन झालं. निवडणूक आधीच ठरलेली होती म्हणून जागा फार दिवस रिकामी राहिली नाही. तेच निधन त्यांच्या कारकिर्दीच्या दुसऱ्या वर्षी झालं असतं तर?

त्या मुलीने तोही प्रश्न विचारला होता. येत्या अधिवेशनात विधेयक आलं, तर तिला फळ्यावर नवं उत्तर लिहून दाखवता येईल.

आपला विश्वासू,
सोलापुरातील एक शिक्षक