प्रयोगशाळेच्या तासांवर गदा नको

महोदय,

मटेरियल्स सायन्सच्या, म्हणजे धातूंसारख्या पदार्थांची रचना आणि गुणधर्म अभ्यासणाऱ्या शास्त्राच्या पदवीत कोडिंग, डेटा सायन्सला जागा करण्यासाठी प्रयोगशाळेचे तास कमी करावेत, असा सूर हल्ली ऐकू येतो. कोडिंग शिकायलाच हवे, त्याबद्दल दुमत नाही. पण गदा भट्टी आणि सूक्ष्मदर्शकावर का यावी?

०.८ टक्के कार्बनच्या पोलादाचे दोन तुकडे सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. एक पाण्यात बुडवा, दुसरा भट्टीतच सावकाश निवू द्या. पहिला कमालीचा कठीण पण ठिसूळ होतो, दुसऱ्यावर कानस सहज चालते. घटक तेच, बदलते ती आतली रचना. ती पाहायची तर नमुना एमरी पेपरवर घासायचा, दर बारीक पेपरला काटकोनात फिरवून, आधीचे ओरखडे पुरते जाईपर्यंत. मग पॉलिश, मग अल्कोहोलमधले सौम्य नायट्रिक आम्ल काही सेकंद. सावकाश निवलेल्या तुकड्यात भिंगाखाली पर्लाइटच्या, म्हणजे लोह आणि लोह-कार्बाइडच्या एकाआड एक थरांच्या, समांतर रेघा उमटल्या की फेज डायग्राम (कोणत्या तापमानाला आणि किती कार्बनला कोणती रचना, हे दाखवणारा आलेख) घोकावा लागत नाही. विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर तो क्षण मी कितीदा तरी पाहिला आहे.

जानेवारी १९४३मध्ये ‘स्केनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज धक्क्याला उभे असतानाच दुभंगले. थंडीत पोलाद असे ठिसूळ होते, हे आघात चाचणीत नमुना तोडणारा जड लोलक स्वतः सोडल्यावर जसे अंगात भिनते, तसे पडद्यावरच्या आलेखाने भिनत नाही.

थर्मोडायनॅमिक्स सक्तीचे आहे, तशीच प्रयोगशाळाही सक्तीची राहावी. कोडिंगसाठी ऐच्छिक विषयांतून जागा काढता येईल.

– एक प्राध्यापक