पोट्टे टिकतील, आधी शिकवा तर!

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘तरुण कामगार टिकत का नाहीत?’ हा आपल्या कालच्या अंकातला लेख वाचला. लेखकमहाशयांनी मोबाईल काढला, आईवडिलांचे लाड काढले, नव्या पिढीचा अधीरपणा काढला. आणि मालकांना सल्ला काय, तर दर महिन्याला वाढदिवसांचा केक कापा! नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये ते सकाळी ७ वाजता जाऊन उभे राहिले असते, तर केकचा खर्च वाचला असता.

आयटीआय झालेलं पोरगं रुजू होतं. सेफ्टी शूज मिळत नाहीत, कारण स्टोअरमध्ये फक्त १० नंबर शिल्लक. सुपरवायझर त्याला जुन्या ऑपरेटरजवळ उभं करतो, ‘याचं पाहून घे.’ जुन्याचा इन्सेंटिव्ह किती पीस काढले त्यावर. शिकवायला थांबला तर त्याचेच पीस घटतात, मग तो काहून शिकवेल? चौथ्या दिवशी जुना सुटीवर, नवा एकटाच सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर.

आता समजा बोअर, म्हणजे जॉबच्या आतलं भोक, ०.०५ मिलिमीटरने मोठा येतोय. वेअर ऑफसेटमध्ये (हत्यार झिजल्यावर माप जुळवायला मशीनला देतात तो आकडा) आधीचे उणे ०.३२ आहेत, त्यात आणखी उणे ०.०५ द्यायचे. फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर ‘प्लस इनपुट’ दाबलं की बेरीज होऊन उणे ०.३७ होतात. नुसतं ‘इनपुट’ दाबलं तर जुना आकडा पुसला जातो, उणे ०.०५ एवढंच उरतं आणि बोअर लहान व्हायचा सोडून ०.२७ मिलिमीटरने आणखी फुगतो. बाहेरचा व्यास जास्त राहिला तर एक कट आणखी घेता येतो. बोअरमध्ये गेलेला माल परत भरता येत नाही. जॉब थेट भंगारात. दोन्ही बटणं शेजारी-शेजारी, आणि फरक कोणी सांगितलेलाच नाही. मग अख्ख्या शॉपसमोर, ‘काय बे, आयटीआयमध्ये हेच शिकला का?’ सोमवारी पोट्टा येत नाही. याला आपल्या लेखात ‘अधीरपणा’ म्हटलं आहे.

नवख्याला शिकवण्याच्या चार पायऱ्या अमेरिकेतल्या कारखान्यांनी दुसऱ्या महायुद्धातच बसवल्या होत्या: तयारी, करून दाखवणं, करून घेणं, नंतर लक्ष ठेवणं. आपल्याकडे दुसरीवरच गाडी थांबते. खरं काम तिसरीत आहे. ‘समजलं ना?’ विचारलं की सगळेच मान हलवतात. त्यापेक्षा हे बटण का दाबलंस, ते दाबलं असतं तर काय झालं असतं, हे त्याच्याच तोंडून वदवून घ्या. ऑफसेट बदलल्यावर पुढचे पाच जॉब एकेक करून मोजायला लावा. शिकवणाऱ्याला ते दोन आठवडे मागच्या सरासरीने इन्सेंटिव्ह द्या, नाहीतर तो शिकवणार नाही, आणि त्याचा दोषही नाही. चूक बाजूला घेऊन सांगा. पाळ्यांचा तक्ता गुरुवारीच लावा. रात्री ११ वाजता व्हॉट्सॲपवर ‘उद्या फर्स्ट शिफ्ट’ धाडायचं आणि सकाळी बुटीबोरीच्या गेटवर घड्याळ दाखवायचं, हा कुठला न्याय?

यात केक कुठेही लागत नाही.

ॲप्रेंटिसांबद्दल तर लेखात अवाक्षर नाही. १९६१ च्या कायद्यानुसार सरकारी ॲप्रेंटिस सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्यांना ओव्हरटाईमला थांबवता येत नाही, आणि ती मंजुरीही प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हितासाठीच. माल पाठवायचा अडला म्हणून नव्हे. तरी महिनाअखेर जवळ आली की त्यांना ‘थोडं थांब रे’ म्हटलं जातंच. वर ‘पोरांना कामाची आवड नाही’ हेही आपणच म्हणायचं!

जाता जाता लेखासोबतच्या छायाचित्राबद्दल. लेथवरच्या त्या हसऱ्या मुलाच्या डोळ्यांवर सेफ्टी चष्मा नाही आणि हातात मात्र सुती हातमोजे आहेत. जॉब पकडून फिरणाऱ्या चकजवळ हातमोजे घालत नसतात; एक धागा अडकला की हात आत ओढला जातो. हे छायाचित्र कापून एखादा सुपरवायझर नोटीस बोर्डावर लावायच्या आत कृपया खुलासा छापावा.

आपला,
एक वाचक
हिंगणा रोड, नागपूर