मॅडम, माझी नोकरी गेली त्यावर टॅक्स जास्त, आणि त्यामुळे शेअर वाढला त्यावर कमी?

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली

मॅडम, सादर नमस्कार.

मंत्र्यांना पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा काही कमीजास्त लिहिलं गेलं तर सांभाळून घ्या. जानेवारीअखेर माझी नोकरी गेली. गेली म्हणजे काय, मीटिंग रूममध्ये बोलावलं, एचआरवालीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला, राजीनाम्याचा मेल आधीच टाईप करून ठेवलेला, खाली "वैयक्तिक कारणास्तव" असं पण लिहिलेलं, मी फक्त सेंड दाबायचं. नाही दाबलं तर टर्मिनेशन लेटर, मग पुढे कोण दारात उभं करणार. दाबलं. बदल्यात एक्स ग्रेशिया, म्हणजे जाताना दिलेली भरपाई, ६ लाख. फुल अँड फायनलचा (शेवटच्या हिशोबाचा) कागद आला तेव्हा दिसलं की टीडीएसचा, म्हणजे आधीच कापून घेतलेल्या टॅक्सचा, आकडा फुगलाय. हिशोब मांडला, दहा महिन्यांचा पगार १५ लाख त्यात हे ६ मिळवले, न्यू रिजीम (नवी करपद्धत), ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन (पगारदाराची सरसकट वजावट) गेलं, तर नुसत्या पगारावर ९७,५०० टॅक्स झाला असता तो झाला २,१४,५००. म्हणजे नोकरी गेल्याबद्दल जे मिळालं त्यातले १ लाख १७ हजार तुमचे. मला मिळायच्या आधी तुम्हाला पोचले.

आता पुढचं ऐका. त्याच आठवड्यात कंपनीने जाहीर केलं की मनुष्यबळावरचा खर्च कमी करतोय, आणि शेअर उसळला. टीव्हीवर एक पोरगा हसत हसत सांगत होता, बाजाराने निर्णयाचं स्वागत केलंय. करणारच की. तर ज्यांच्याकडे तो शेअर वर्षभरापेक्षा जास्त होता आणि ज्यांनी तेव्हा विकून ६ लाखच नफा कमावला, त्यांचा टॅक्स पण मी काढला (हल्ली वेळच वेळ आहे). पहिले सव्वा लाख माफ, उरलेल्या पावणेपाच लाखांवर साडेबारा टक्के, वर सेस (टॅक्सवरचा टॅक्स), झाले ६१,७५०. मी घरी गेलो म्हणून जो नफा झाला त्यावर ६१ हजार, आणि मी घरी गेलो म्हणून जी भरपाई मिळाली त्यावर सव्वा लाखाच्या आसपास. ६ लाख ते पण आणि ६ लाख हे पण. हे कुठल्या शाळेतलं गणित आहे तेवढं कळवा.

सीएला विचारलं तर तो म्हणाला कामगार कपातीच्या भरपाईला ५ लाखांपर्यंत सूट असते, पण ती कायद्यात बसणाऱ्या कामगाराला, आणि कपात म्हणून काढलं तर. तुम्ही तर राजीनामा दिलाय. बरोबर आहे, स्वखुशीने दिलाय ना, वैयक्तिक कारणास्तव.

तुमचे लोक लगेच म्हणतील १२ लाखांपर्यंत शून्य टॅक्स केला, पगारदारांना पावणेतेरा लाखांपर्यंत, ते विसरलात का. नाही विसरलो, आणि तो रिबेट (ही करमाफी) शेअरच्या नफ्याला लागत नाही हे पण ठाऊक आहे. खालच्या लोकांचं भलं झालं, मान्य. पण वर बघा ना जरा. एकाचा करपात्र पगार ५० लाख, त्याला सेससकट ११ लाख २३ हजार टॅक्स. दुसऱ्याचा ५० लाख लाँग टर्म नफा (वर्षभरापेक्षा जास्त ठेवलेल्या शेअरचा), बाकी काही काम नाही, त्याला फार तर ६ लाख ३४ हजार. पहिला सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत कॉलवर, दुसऱ्याने विकण्याचं बटण दाबलं. बटण मीही दाबलं होतं म्हणा.

आणि गुंतवणुकीला प्रोत्साहन वगैरे म्हणू नका, कारण माझी गुंतवणूक म्हणजे एफडी, तिच्या व्याजावर नोकरीत असताना पूर्ण स्लॅबने, म्हणजे पगाराच्याच दराने, टॅक्स लागत होता. २०२० पासून डिव्हिडंडलाही स्लॅबच आहे. म्हणजे बँकेत ठेवणाऱ्याला सवलत नाही, सवलत आहे ती शेअर विकून नफा काढणाऱ्याला. कंपनीने आधीच टॅक्स भरलेला असतो, नफ्यावर परत कशाला, असंही सांगतात. मग डिव्हिडंड पण त्याच टॅक्स भरलेल्या पैशातून येतो, त्याला का नाही ही माया? आणि माझ्या टॅक्स कापलेल्या पगारातून मी साबण घेतला की त्यावर परत जीएसटी, त्याला कोण डबल टॅक्स म्हणतं?

सगळ्यात डोक्यात जातं ते म्हणजे रिस्क. गुंतवणूकदार रिस्क घेतो म्हणून टॅक्स कमी. मॅडम, त्याला शेअरमध्ये लॉस झाला तर रिटर्नमध्ये दाखवायला जागा आहे. रिटर्न वेळेत भरलं असलं की तो लॉस ८ वर्षं पुढे ओढता येतो, पुढे नफा झाला की त्यातून वजा करायचा. ८ वर्षं! माझं काय? होमलोनचा हप्ता नोकरी गेली म्हणून थांबला नाही, पोराच्या इंजिनियरिंगचं तिसरं वर्ष, फी भरायला बायकोच्या पाटल्या बँकेत गहाण टाकल्या, ती काही बोलली नाही पण कपाट लावताना तो रिकामा डबा दोनदा उघडून बघितला तिने. कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवसाबरोबर संपला, वडिलांच्या शुगरसकट नवा घ्यायचा म्हणजे प्रीमियम ऐकूनच बीपी वाढतं. नवीन टेक्नॉलॉजीचा कोर्स केला खिशातून, की निदान इंटरव्ह्यूला तरी बोलावतील. यातलं काय वजा होतं? काही नाही. धंदेवाला खर्च टाकतो, शेअरवाला ब्रोकरेज वजा करतो, पगारदाराला ७५ हजारांचा एकच सरसकट तुकडा, घ्या आणि गप्प बसा. उद्या चाळीस टक्के कमी पगारावर कुठे लागलो (वयाकडे बघून तेवढंच देतायत) तर हे मधले महिने पुढच्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येतील का? रिटर्नमध्ये त्याला रकानाच नाही. रिस्क म्हणे.

शिवाय त्यांना कधी टॅक्स भरायचा ते ठरवता येतं. विकेपर्यंत एक रुपया नाही. मार्चमध्ये सव्वा लाखाचा नफा काढायचा, तेच शेअर परत घ्यायचे, याला टॅक्स हार्वेस्टिंग म्हणतात आणि यूट्यूबवर दरवर्षी त्याचे धडे येतात. मी मार्चचा पगार पुढच्या वर्षी घेतो म्हटलं असतं तर अकाउंट्सवाले हसून मेले असते. उलट आमच्याकडे काम करतो म्हणून प्रोफेशनल टॅक्स, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. हो, तो राज्याचा आहे, तुमचा नाही, पण खिसा एकच आहे ना.

आणि हे आजचं नाही. २००४ मध्ये चिदंबरम साहेबांनी शेअरच्या लाँग टर्म नफ्यावरचा टॅक्स शून्य केला, एसटीटी (शेअरच्या खरेदी-विक्रीवरचा छोटा टॅक्स) लावला आणि म्हणाले झालं. पुढची तेरा-चौदा वर्षं शून्य. पगारावर शून्य कधी होता, सांगा? २०१८ मध्ये जेटलींनी १० टक्के लावला तर तेवढ्यावर बाजारात सुतक, आणि त्यातही ३१ जानेवारी २०१८ पर्यंत वाढलेलं सगळं माफ. जुलै २०२४ मध्ये तुम्ही साडेबारा केला, लोकांनी तुम्हाला खलनायिका ठरवलं. साडेबारासाठी! १९८५ मध्ये वारसांवरची इस्टेट ड्युटी गेली, २०१५ मध्ये वेल्थ टॅक्स (संपत्तीवरचा) गेला, सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा दर ३० वरून २२ वर आला. २०१९ च्याच बजेटमध्ये तुम्ही श्रीमंतांवर सरचार्ज (टॅक्सवरचा जादा आकार) वाढवला होतात, परदेशी फंडांनी डोळे वटारले आणि ऑगस्टमध्ये शेअरच्या नफ्यापुरता मागे घेतलात, महिना-दीड महिन्यात. २०२४ मध्ये घरांचं इंडेक्सेशन (विक्रीच्या नफ्यातून महागाई वजा करायची सोय) काढलं, ओरड झाली, ऑगस्टमध्ये जुन्या हिशोबाचा पर्याय देऊन टाकला. आणि ओल्ड रिजीममधला ३० टक्क्यांचा स्लॅब १० लाखांवर आहे तो २०१२ च्या बजेटपासून तिथेच ठाण मांडून बसलाय, त्याला महागाई दिसत नाही. आम्ही काय डोळे वटारणार, आमचा तर कापूनच हातात येतो.

हे काही डाव्यांचं खूळ नाही बरं का. १९८६ मध्ये अमेरिकेत अध्यक्ष रीगनने, रीगनने हो, कम्युनिस्टाने नव्हे, शेअरचा नफा आणि पगार दोन्हींचा वरचा दर २८ टक्के सारखा केला होता. पुढे त्यांनी तो परत वेगळा केला ही गोष्ट वेगळी, पण केला की नाही? भांडवल पळून गेलं आणि देश बुडाला असं काही ऐकलं नाही.

आता तर १९६१ चा कायदा गेला, १ एप्रिल २०२६ पासून नवा आला, ५३६ कलमं, भाषा सोपी. छान. पगारदाराला जास्त कापायचं हे आता सोप्या भाषेत वाचता येईल.

मागणं फार नाही. शेअरचा मोठा नफा, समजा १०-१५ लाखांच्या वरचा, पगाराच्याच स्लॅबमध्ये घ्या. छोट्या एसआयपीवाल्याला (महिन्याला थोडे थोडे टाकणाऱ्याला) हात लावू नका, तो बिचारा आमच्यातलाच. आणि ज्याला नोकरीवरून काढलं त्याची भरपाई, राजीनामा लिहून घेतला असला तरी, एका वर्षाच्या डोक्यावर आदळू नका, तीन-चार वर्षांत वाटून घ्या, नाहीतर तुमच्या त्या ८ वर्षांच्या लॉसशेजारी बेकारीच्या महिन्यांना पण एक रकाना काढा. होणार नाही हे माहितीये. आमची लॉबी नाही, आमचा इंडेक्स नाही, आम्ही पडलो तर टीव्हीवर लाल पट्टी फिरत नाही. परवा शेजारचे काका म्हणाले तू पण शेअरमध्ये टाक की मग. कशातून टाकू काका, हप्त्यातून?

मागे एकदा वेळेवर कर भरल्याबद्दल ई-मेलवर प्रशस्तिपत्रक पण आलं होतं मला. बँकेतल्या बाईंना दाखवू का विचार करतोय, हप्ता दोन महिने पुढे ढकलतात का बघू.

रिटर्न तर भरतोच आहे. ३१ जुलै चुकली तर ५ हजार लेट फी, ती मात्र पगारवाला आणि शेअरवाला दोघांनाही सारखीच आहे, तेवढं बरं.

आपला,
एक करदाता, सध्या घरी