अंगठी काढून ठेवजो

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

अजनीला गाडी हलली, तू खिडकीतून हात दाखवला, तेव्हा दिसली. आजीची अंगठी. आईने घातली असेल, तिच्यासमोर मी काही बोललो नाही. पण चाकणला पहिले दोन महिने प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशिनींजवळ आहेस ना? आत जाण्याआधी ती काढून ठेवजो.

ट्रेनिंगचं एक वर्ष सगळे डिपार्टमेंट फिरवतील. ऑपरेटरला काका म्हण, 'मी इंजिनिअर' असं दाखवू नको. ओरिजिनल मार्कशीट कोणाकडे ठेवायला देऊ नको. बॉन्डचं पान वाचलं का? आणि पत्रावर ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी लिहिलंय की ग्रॅज्युएट अप्रेंटिस, हे विचारलं तर चिडलीस, "बाबा, एकच असतं." एकच नसतं बापा. अप्रेंटिसला स्टायपेंड मिळतो, वर्ष संपल्यावर नोकरी मिळेलच असं नसतं.

झालं, लेक्चर सुरू. माफ कर. पण १९९१ साली हिंगण्याला मीही अप्रेंटिसच होतो. नोकरी टिकावी म्हणून आजीने पोवळ्याची अंगठी घालायला लावली होती. ड्रिलवर लोखंडाचा लांब कीस निघाला, त्यात ती अडकली. दुखलं नंतर, आधी फक्त गरम वाटलं. सुपरवायझर म्हणाला, अप्रेंटिस म्हणजे कामगार नाही, भरपाई कशाची मागतो? मी गप घरी आलो. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात कलम १६ आहे, शिकताना इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची. हे मला कळलं तेव्हा तू पाचवीत होतीस. तोवर तू माझी बोटं मोजून "साडेनऊ" म्हणायचीस, शाळेत बाईंनाही तेच सांगितलं होतं.

काल तुझ्या आयडी कार्डाचा फोटो पोहेवाल्याला दाखवला. त्याने पैसे घेतले नाहीत, वरून तर्री दोनदा टाकली. आईला सांगू नको. बंडूकाकालाही दाखवला, तो म्हणतो पोरीला कारखान्यात कशाला धाडलं. मी म्हटलं, कारखाना तिला हाताखाली घ्यायचाय. म्हटलं खरं, पण रात्री झोप नाही आली.

केस बांधून टोपीच्या आत. ओढणी तर नाहीच. अंगठी काढलीस की खिशात नको ठेवू, हरवशील. रूमवरच सांबारवडीच्या डब्यात राहू दे.

आईने फोनवर विचारलं तर बोटातच आहे म्हणजो.

तुझा,
बाबा