फौंड्रीवाल्यांना सामायिक भट्टी हवी

संपादक महोदय,

ग्राफीनविषयी हल्ली बरेच वाचायला मिळते. 2004 मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह या शास्त्रज्ञांनी साध्या चिकटपट्टीने ग्राफाइटचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा सोलून काढला, तेच ग्राफीन. 2010 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. कौतुक आहेच. पण उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत धातूचे ओतकाम करणाऱ्या आम्हा फौंड्रीवाल्यांचा ग्राफाइटशी रोजचा संबंध. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तुकडा मोडून बघा, आतला करडा रंग ग्राफाइटच्या पाकळ्यांचा. तडा जातो तोही तिथूनच. वितळलेल्या बिडाच्या रसात थोडे मॅग्नेशियम घातले की पाकळ्यांचे गोळे होतात, बीड चिवट बनते. अशा बिडाचे कास्टिंग (ओतून केलेला भाग) 900 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून वितळलेल्या क्षारात 250 ते 400 अंशांवर ठेवले, की गिअरसारख्या कामात ते पोलादाची जागा घेऊ शकते, आणि वजनाला सुमारे 10 टक्के हलके!

माझ्यासारख्या लहान कारखान्याला या प्रक्रियेची भट्टी एकट्याने परवडत नाही. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ बेळगावातच आहे. विद्यापीठ आणि कारखानदारांनी मिळून सामायिक भट्टी व चाचणीची सोय उभी करावी. तिथल्या सूचना कन्नडबरोबर मराठीतही लावाव्यात, कारण भट्टीपुढे उभे राहणाऱ्यांत आमची खानापूर, येळ्ळूरची पोरे आहेत.

– एक फौंड्रीचालक, उद्यमबाग, बेळगाव