लाइट टिको, नळाला पाणी येवो

भोसरी, पुणे
बुधवार, रात्री जेवणं आटोपल्यावर

प्रिय अव्या,
सप्रेम नमस्कार.

तुझा व्हॉइस मेसेज मिळाला. ऐकून हसू आलं. हाताखाली आठ-दहा माणसं आली, पगार वाढला, आणि साहेबांना अडचण कसली, तर दर गुरुवारी संध्याकाळी टीमच्या ग्रुपवर 'आठवडा संपला, आता मजा करा' या अर्थाचं काय टाकायचं! आधीचा साहेब म्हणे मावळता सूर्य, कॉफीचा कप आणि खाली वळणदार अक्षरांत 'हॅपी वीकेंड' असं चित्र टाकायचा, आणि त्याच्याखाली अंगठ्यांची रांग लागायची. तुला तसलं काही नको. 'तू कंपनीत फळ्यावर लिहितोस ना, तसलं काहीतरी पाठव' म्हणालास. पाठवतो, पण आधी थोडं ऐकून घ्यावं लागेल. फुकट सल्ला मागितला की एवढी किंमत पडतेच.

पहिली गोष्ट म्हणजे वार. आपल्या चुलत-मामे भावंडांच्या ग्रुपवर दर शुक्रवारी कुणीतरी 'हॅपी वीकेंड' टाकतं, तेव्हा मला प्रश्न पडतो की हे नक्की कुणाला उद्देशून आहे. तुझी तिकडे मस्कतला सुट्टी शुक्रवार-शनिवार. तीसुद्धा ओमानने २०१३ मध्ये बदलली म्हणून. त्याआधी तिकडे गुरुवार-शुक्रवार असायची. तुझा मेहुणा दुबईत, त्यांच्याकडे २०२२ पासून शनिवार-रविवार, आणि सरकारी कचेऱ्यांत शुक्रवारी बारापर्यंतच काम. आपली सुमाताई सरकारी नोकरीत, तिला २९ फेब्रुवारी २०२० पासून दर शनिवार मिळाला, पण त्याच्या बदल्यात रोज पाऊण तास जास्त बसावं लागतं. ती संध्याकाळी सव्वासहाला निघते आणि तेव्हा कुणी 'तुमची काय बाबा, पाच दिवसांची मजा' म्हटलं की तिच्या कपाळावर आठी येते. दादा एसटीत. त्याची सुट्टी चार्टवर ठरते. आणि मी इथे गुरुवारी घरी.

हा गुरुवार कुठून आला, माहीत आहे ना? एमआयडीसीतले सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि बाकी दिवशी एकदम चालू राहिले तर विजेचा भार झेपेना, म्हणून भागाभागाला वेगवेगळा वार वाटून दिला. १९४८च्या कारखाना कायद्यात कलम ५२ होतं, त्यात सुट्टी मुळात रविवारची. रविवारी काम घ्यायचं तर आगेमागे तीन दिवसांत बदली सुट्टी द्या, आणि कामगाराला सलग दहा दिवसांपेक्षा जास्त राबवू नका, असं म्हटलं होतं. आमच्या वाट्याला गुरुवार आला. आता गंमत बघ. कारखाने बंद म्हणून महावितरणवाले दुरुस्तीची कामंही गुरुवारीच काढतात. पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीचाही वार बहुतेक वेळा गुरुवारच. म्हणजे आठवडाभर राबून माणूस घरी बसला की पंखा बंद आणि नळ कोरडा! त्यामुळे भोसरीत बुधवारी संध्याकाळी एकच शुभेच्छा खरी: 'उद्या लाइट टिको, नळाला पाणी येवो.' मी ती फळ्यावर लिहिली, तर खालच्या शॉपमधली पोरं फोटो काढून घरी पाठवत होती. त्यात काव्य काही नव्हतं. त्यांच्या गुरुवारात काय अडतं ते लिहिणाऱ्याला ठाऊक आहे, एवढंच त्यांना आवडलं.

दुसरी भानगड खाण्याची. सुट्टी म्हणजे मटण, हे समीकरण आपल्याकडे रविवारवाल्यांचं. आमची सुट्टी पडली दत्ताच्या, स्वामींच्या वारी. अर्ध्या घरांत गुरुवारी वशाट चालत नाही. मार्गशीर्षात तर बायकांचे महालक्ष्मीचे गुरुवार, म्हणजे सुट्टीच्या दिवशी घरात पूजा, फळं, पाहुण्या सवाष्णी, आणि आपण अंग चोरून कोपऱ्यात. मग जे काही करायचं ते बुधवारी रात्री. आजच संध्याकाळी मटणाच्या दुकानासमोरची रांग पार रिक्षा स्टँडपर्यंत गेली होती, आणि रांगेत निम्मे चेहरे आमच्याच पट्ट्यातले, काहींच्या अंगावर अजून कंपनीचा शर्ट. म्हणून बुधवारी पंचिंग मशिनपाशी कुणी 'एन्जॉय' म्हणत नाही. म्हणतात, 'काय, आज अर्धा का एक?' किलोबद्दल बोलतात रे, भलतं समजू नकोस.

रविवारवाल्यांनाही शुभेच्छा देण्याआधी कालनिर्णय बघावं. रविवारी संकष्टी आली तर त्या माणसाला 'मस्त रविवार' म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. त्याला सांगावं, 'धीर धर, चंद्रोदय उशिरा आहे, पण मोदक आहेत.' श्रावणात तर सगळा मजकूरच बदलायला लागतो.

आता फळ्याची गोष्ट, कारण तू तीच विचारलीस. टाइम ऑफिसच्या दारापाशी एक पांढरा बोर्ड आहे. त्याच्यावर एरवी सेफ्टीचं काहीतरी असतं, 'अपघात टाळा, हेल्मेट घाला' वगैरे. बुधवारी दुपारनंतर तो पुसून मी एखादी पुणेरी पाटी लिहितो. काही तुला देतो, तिकडे वापर:

'उद्या कंपनी बंद आहे. घर चालू आहे, याची नोंद घ्यावी.'

'सुट्टीत कामाची आठवण आल्यास भरपूर पाणी पिऊन झोपावे. तरीही न गेल्यास शेजाऱ्याला सांगावे, आम्हाला नाही.'

'राहिलेले काम शुक्रवारपर्यंत कुठेही पळून जात नाही. दुर्दैवाने.'

आणि एक उखाणा, तो स्टोअरवाल्या काकांनी रचला. काका निवृत्तीला आलेत. मीटिंगमध्ये तोंडातून शब्द निघत नाही, पण उखाण्यात कुणाला ऐकत नाहीत:

पाना ठेवला पेटीत, ॲप्रन टांगला खुंटीला,
उद्या कुणी हात लावू नका गजराच्या घंटीला.

हे वाचायला लोक थांबतात तो क्षण बघण्यासारखा असतो. साडेपाचचा भोंगा झालेला, नळापाशी पोरं हाताचं ऑइल काढतायत. आधी सुती वेस्टच्या दोऱ्यांनी पुसायचं, मग हिरवा साबण, मग नखांत अडकलेलं राहिलं की पुन्हा साबण. एकमेकांना ढकलत, ओले हात पँटला पुसत बोर्डापाशी येतात. एकजण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात. पंच झाला की गेटकडे.

गेटवर वॉचमन. ह्या माणसामुळे मी एक पथ्य पाळायला लागलो. तो उत्तर सोलापूरकडचा, बारा तासांची ड्युटी, कंपनी बंद असली तरी तो चालूच. आम्ही सगळे त्याच्यासमोरून 'चला, मजा करा' ओरडत जायचो आणि तो हात वर करायचा. मग एकदा काकांनी त्याला विचारलं, 'तुमची सुट्टी कधी?' 'सोमवारी,' म्हणाला. आता रविवारी संध्याकाळी निघताना आमच्यातला कुणी ना कुणी त्याला 'उद्या झोपा निवांत' म्हणतोच. नर्स, घंटागाडीवाला, कंडक्टर, दूधवाला, ह्या लोकांना शुक्रवारी वीकेंडच्या शुभेच्छा देण्यापेक्षा सुट्टी कधी असते हे विचारणं कधीही बरं. घरातल्या बाईचं तर बोलायलाच नको. आपण घरी असलो की तिचं काम वाढतं. ही इथे बाजूला बसून वाचतेय आणि मान हलवतेय, म्हणून जास्त लिहीत नाही. उद्या सकाळचा चहा-पोहे माझ्याकडे आहेत, एवढं नोंदवून ठेवतो.

आणखी एक नमुना सांगतो. आमच्या मागच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे. तिथल्या मजुरांना आठवड्याच्या बाजारादिवशी मुकादम खर्ची देतो. सगळा हिशोब काम संपल्यावर, पण घर चालायला आठवड्याची खर्ची. पैसे हातावर ठेवताना तो प्रत्येकाला म्हणतो, 'जा, बाजार करून या. पोरांना खाऊ न्या.' मला विचारशील तर आठवडा संपतानाची ह्याच्यापेक्षा चांगली शुभेच्छा मी ऐकलेली नाही. आधी पैसे, मग शब्द. आणि वर निघायची परवानगी.

परवानगीवरून आठवलं. मी आधी ज्या कंपनीत होतो तिथले साहेब फार गोड बोलायचे. शनिवारी सहाला सगळ्यांना 'हॅव अ ग्रेट संडे' असा मेल, आणि सहा वाजून पाच मिनिटांनी निवडक लोकांना दुसरा मेल, 'जाण्यापूर्वी एवढं एक बघून जा ना.' ते 'एवढं एक' रात्री नऊपर्यंत चालायचं. अव्या, तू साहेब झालायस म्हणून सांगतो, वाटलं तर चित्र टाक कॉफीच्या कपाचं, पण त्याच्यानंतर काम टाकू नकोस. शुभेच्छा शेवटच्या तासाच्या आधी द्यावी आणि आपणच बॅग उचलून निघावं. साहेब खुर्चीत बसून 'जा, मजा करा' म्हणत असेल तर कुणाचा पाय निघतो?

तुला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात का? शाळेत एखाद्या ओळीत आले असतील. फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले, 'दीनबंधू'चे संपादक. १८८४च्या सप्टेंबरात त्यांनी परळला गिरणी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन केलं. मागण्या काय, तर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. म्हणजे हे मागावं लागत होतं! पुढे २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहाएक हजार कामगार जमले, त्यात दोन बायकांनी भाषणं केली, आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवार मान्य केला. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत गेले, रोग्यांची सेवा करता करता. गेल्या जूनमध्ये मी बोर्डावर पाटी न लिहिता एवढंच लिहिलं: 'आजच्या तारखेला सुट्टी मिळाली. मिळवून देणारे : नारायण मेघाजी लोखंडे.' पोरांनी विचारलं, हे कुठल्या डिपार्टमेंटला? मग चहाच्या सुट्टीत सगळं सांगत बसलो, चहा निवला. आमची गुरुवारची का असेना, ती त्या रविवारचीच बदली आहे, हे त्यांना पटलं. एकजण म्हणाला, 'मग खंडोबाच्या वाराची सुट्टी आपली दत्ताच्या वारी गेली.' खरंच आहे की.

असो. आता तुझ्या टीमचं. तू म्हणालास त्यावरून तीन तऱ्हेचे लोक दिसतात. ओमानी पोरं गुरुवारी सुटली की मस्कत सोडून गावाकडे पळतात, तुझा तो निझवाकडचा मुलगा तर नक्कीच. निझवाला शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा बाजार भरतो ना? त्याला म्हण, 'शुक्रवारी बाजारात भाव काय निघाला ते रविवारी सांग.' आपल्याकडे चाकणच्या शनिवारच्या बाजारातून आलेल्या माणसाला आपण हेच विचारतो, आणि तो अर्धा तास बोलतो. फिलिपिनो बाईंचं चर्च तिकडे शुक्रवारी असतं, तर त्यांना शुक्रवारी सकाळी कामाचा एकही मेसेज जाणार नाही एवढं बघ. आणि तुझा मल्याळी अकाउंटंट. त्याची शुक्रवारची सुट्टी, पण केरळात पोरं शाळेत. तू त्याला लिही, 'तिकडच्या साडेचारला, म्हणजे आपल्या तीनला फोन लाव, पोरं दप्तर टाकून बसलेली असतील.' दीड तासाचा फरक त्यालाही ठाऊक आहे, पण साहेबालाही तो ठाऊक आहे हे कळलं की बरं वाटतं.

दर आठवड्याला प्रत्येकाला असं लिहिणं जमणार नाही, ते मलाही दिसतं. मग एका आठवड्याला एक माणूस धर. बाकीच्यांना पाटी. ग्रुपसाठी ह्या गुरुवारचा मजकूर तयार देतो, हिंदीत-इंग्रजीत तूच कर:

'आज चार वाजता मी निघतोय. चार वाजून एक मिनिटाने जो कुणी खुर्चीत सापडेल, त्याने रविवारी सगळ्यांना चहा पाजायचा आहे. चहा कडक, समोसे वेगळे.'

आणि खरंच चारला नीघ, नाहीतर चहा तुझ्याच अंगावर येईल.

टीमने काय उत्तरं दिली ते कळव, चांगली असतील तर बोर्डावर लावतो. दिवाळीचं तिकीट काढलंस का? आत्या विचारत होत्या, आणि येताना खजूर आणशील तर काळा आण, मागच्या वेळचा फार गोड होता. वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना अनेक आशीर्वाद.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
सुन्या

ता. क. काकांनी तुझ्यासाठी आणखी एक उखाणा दिला होता, पण तो साहेब लोकांवर आहे. तू आता त्यांच्यात गेलास, म्हणून भेटल्यावर तोंडी सांगेन.