रविवारी गुडघे-कंबरदुखीचं सेशन, सगळ्यांनी वाचा

नमस्कार मंडळी, येत्या रविवारी सकाळी साडेसातला गच्चीवर सेशन ठेवलंय, बी विंगच्या फिजिओ मॅडम गुडघे, कंबर, मानेचे व्यायाम दाखवणार आणि मग शेक, झोप, चालणं यावर बोलू, फी काही नाही.

- मॅट किंवा सतरंजी आपापली आणा. खाली बसता येत नसेल तर खुर्च्या आहेत, लाजू नका.
- भरल्या पोटी नको, पण शुगरची गोळी घेणाऱ्यांनी उपाशीही यायचं नाही.
- गुडघा किंवा मणक्याचं ऑपरेशन झालेल्यांनी मला आधी सांगा.

शेकाचं ग्रुपवर रोज कोणीतरी विचारतंय म्हणून लिहितो: पाय नुकताच मुरगळून सुजला असेल तर गरम पिशवी नको, कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं. जुन्या आखडलेल्या कंबरेला गरम शेक, निर्गुडीच्या पाल्याचा घेतला तरी चालेल. शुगरने पाय बधिर झालेल्यांनी पायाला पिशवी लावूच नका, भाजलेलं कळत नाही.

आणि डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी मनानेच रोज खाऊ नका हो, पोट आणि किडनी दोन्हीला त्रास होतो. बीपीच्या गोळ्या मात्र कुणाच्या फॉरवर्डवरून बंद करायच्या नाहीत.

येणाऱ्यांनी शनिवार रात्रीपर्यंत फ्लॅट नंबर टाका, नुसता अंगठा नको.